चहापत्तीचं पाणी आणि खुंटलेलं कांद्याचं रोप : मखमलाबाद शिवारातलं एक प्रकरण

उन्हाळ कांद्यासाठी टाकलेले उळे, घरचंच बी, एकाच दिवशी पाडलेले गादीवाफे आणि एकाच विहिरीचं पाणी. एवढं सगळं सारखं असूनही नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारातल्या या रोपवाटिकेत अर्धं रोप नीट वाढलं आणि अर्धं जागीच बसलं. विहिरीकडच्या वाफ्यांत रोप हिरवंगार आणि सरळ होतं. बांधाकडच्या वाफ्यांत ते दोऱ्यासारखं बारीक, शेंडे पिवळे पडलेले. उपटून पाहिलं तर मुळं आखूड, टोकांना किंचित फुगीर, आणि नवी पांढरी मुळं जवळपास नव्हतीच. जमिनीलगतचा भाग मात्र कुठेही कुजलेला नव्हता.

शेतकऱ्याची मुलगी आमच्याकडे टी.वाय.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिनं रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून प्रयोगशाळेत आणली तेव्हा घरात निदान ठरलेलं होतं : मर. कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशक आणून झालं होतं, वाफ्यांत ओतूनही झालं होतं. मर रोगात रोप जमिनीलगत कुजतं आणि कोलमडतं. इथे ते उभं होतं, फक्त वाढत नव्हतं. तेव्हा बुरशीचा नाद सोडून या वाफ्यांना वेगळं काय मिळालं ते विचारायचं ठरवलं.

उत्तर शेतावर मिळालं. बांधाला लागून २०० लिटरचा निळा ड्रम होता, झाकण घट्ट लावलेलं. शहरातल्या एका गोदामात पावसात भिजलेली, बुरशी लागलेली चहापत्ती पोत्यांनी फुकट मिळाली होती. चहाचा चोथा गुलाबाला घालतात, मग पत्ती कांद्याला का नको, असा सरळ विचार. साधारण २० किलो पत्ती ड्रममध्ये पाण्यात भिजवली, उरलेली खड्ड्यात टाकून वर प्लास्टिक ओढलं. ड्रमची तोटी बांधाकडच्या वाफ्यांजवळ होती, म्हणून काळं पाणी त्याच वाफ्यांना गेलं. "मॅडम, खतच आहे ना ते? झाडाचंच पान," शेतकरी काका म्हणाले. त्यांचा प्रश्न रास्त होता. पान झाडाचंच आहे, पण चहाच्या झाडानं त्या पानात जे भरून ठेवलंय ते किडीला आणि शेजारच्या झाडाला त्रास व्हावा यासाठीच आहे.

चोथा आणि पत्ती यांतला फरक

घरातला चोथा उकळलेला असतो. त्यातलं बहुतेक कॅफीन कपात गेलेलं असतं, आणि कुंडीत पडतो तो मूठभरच. कोरड्या चहापत्तीत मात्र वजनाच्या २ ते ४ टक्के कॅफीन असतं, म्हणजे किलोमागे २० ते ४० ग्रॅम. साध्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम कॅफीन विरघळतं, त्यामुळे ड्रममधलं सगळंच्या सगळं पाण्यात उतरायला काही अडचण नव्हती. २० किलो पत्ती आणि २०० लिटर पाणी धरलं, तर लिटरला २ ते ४ ग्रॅम ही वरची मर्यादा येते. प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी असेल. पण कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशीविभाजन बिघडवायला लिटरला १ ग्रॅमच्या आसपास पुरतं.

अर्थात हिशेब जुळला म्हणून गुन्हेगार सापडला असं होत नाही. काळ्या पाण्यात आणखी संशयित होते. आम्लता हा पहिला, आणि तो लगेच बाद झाला : या शिवारातली जमीन काळी, चुनखडीची. मातीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. अशी माती थोडा आंबटपणा सहज जिरवते. दुसरा संशयित टॅनिन, म्हणजे चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं. तिसरा, बंद ड्रममध्ये सडल्यानं तयार झालेली सेंद्रिय आम्लं. ड्रमचं झाकण काढताच येणारा आंबूस वास त्यांचीच साक्ष देत होता.

इथे आपल्या स्वयंपाकघरातलं अळीव कामाला आलं. कंपोस्ट पिकलं की नाही हे पाहण्यासाठी जगभर ज्या बियांची उगवण तपासतात त्या याच. बी स्वस्त, दुसऱ्या दिवशी मोड दिसतो आणि मूळ मोजता येतं. आम्ही काचेच्या बशांत टिपकागद घालून अळीव पसरलं. एका बशीला साधं पाणी, एकीला ड्रममधलं पाणी, एकीला चुन्यानं आंबटपणा मारलेलं तेच पाणी, एकीला जिलेटिन घालून गाळलेलं, आणि एकीला दोन्ही उपाय केलेलं. जिलेटिन टॅनिनला धरून साका होऊन तळाशी बसतं, कॅफीन मात्र बरंचसं पाण्यातच राहतं. शेवटच्या बशीत नुसत्या शुद्ध कॅफीनचं द्रावण. चुन्यानं थोडी सुधारणा झाली, जिलेटिननंही झाली. म्हणजे आम्लं आणि टॅनिन अगदी निर्दोष नव्हती. पण दोन्ही काढून टाकल्यावरही मुळं खुंटलेलीच राहिली, आणि ती शुद्ध कॅफीनच्या बशीतल्या मुळांसारखी दिसत होती.

खरा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लागला. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन हा प्रयोग बी.एस्सी.ला जीवशास्त्र शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी केलेला असतो : बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवायचा, मुळं फुटू द्यायची, टोक कापून अॅसिटोकार्मिननं रंगवायचं आणि काचपट्टीवर दाबायचं. वनस्पतीची पेशी दुभंगते तेव्हा मध्यभागी नवी भिंत घातली जाते. कॅफीन त्या भिंतीचं काम पुरं होऊ देत नाही. केंद्रकं दोन होतात, पेशी एकच राहते. कांद्यावर हा परिणाम वनस्पतीशास्त्रज्ञांनी कित्येक दशकांपूर्वी नोंदवून ठेवला आहे. टॅनिन नि आम्लता काढलेल्या ड्रमच्या पाण्यात काही वेळ ठेवून पुन्हा साध्या पाण्यात आणलेल्या मुळांत अशा दोन केंद्रकांच्या पेशी दिसल्या. शुद्ध कॅफीनच्या मुळांतही दिसल्या. साध्या पाण्याच्या मुळांत नव्हत्या. आम्लता मूळ भाजून काढू शकते, पण हे चित्र काढू शकत नाही. ज्या विद्यार्थिनीच्या घरचं रोप होतं, तिनंच त्या पेशी आधी ओळखल्या, आणि मला तो क्षण या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटतो.

ड्रममध्ये कॅफीन टिकलं कसं?

आता खरा प्रश्न. मातीतले जिवाणू कॅफीन खातात हे नवं नाही. कॅफीनवरच वाढवून वेगळ्या काढलेल्या स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूचा अभ्यास १९७५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात मणी सुब्रमणियन, रायन समर्स आणि सहकाऱ्यांनी ज्या वाणातली कॅफीन पचवणारी जनुकं उलगडली, तो सीबीबी५ नावाचा वाण प्रयोगशाळेबाहेरच्या फुलांच्या वाफ्यातल्या मातीतला. त्या वाफ्यात कोणी कॉफी पिकवत नव्हतं. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये अभ्यासलेला असाच एक वाण कॉफीच्या मळ्यातल्या मातीतून आला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या जिवाणूसंग्रहात त्याचा क्रमांक एनसीआयएम ५२३५ आहे. कॉफीच्या बियांत घर करणाऱ्या भुंगेऱ्याच्या आतड्यातही कॅफीन पचवणारे स्यूडोमोनास राहतात आणि त्यांच्याच जोरावर तो किडा ते विषारी बी खाऊन जगतो, हे २०१५ साली दाखवून दिलं गेलं. इतके सर्वत्र असलेले जिवाणू मखमलाबादच्या ड्रममध्ये गप्प का बसले?

त्याचं उत्तर कॅफीन कसं मोडतं यातच आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. कॅफीनच्या रेणूचा गाभा म्हणजे झँथीन नावाचं जोडकडं, आणि त्यावर तीन मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचे छोटे तुकडे) अडकवलेले : पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या जागी. जिवाणू हे गट एकेक करून उतरवतो. सीबीबी५ मध्ये पहिल्या जागेचा गट काढणारं विकर (एन्झाइम) वेगळं, तिसऱ्याचं वेगळं, सातव्याचं वेगळं, आणि आपापली जागा सोडून ती दुसरीकडे फारशी हात घालत नाहीत. पहिला गट निघाला की थिओब्रोमीन उरतं, तेच जे कोकोत असतं. दुसरा निघाला की ७-मिथिलझँथीन. तिसरा निघाला की नुसतं झँथीन.

प्रत्येक गट उतरवताना ऑक्सिजनचा एक रेणू खर्च होतो. ही विकरं लोह आणि गंधक धरून असलेली ऑक्सिजनेझ आहेत. पेशीतल्या एनएडीएच नावाच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे, हवेतला ऑक्सिजन वापरायचा, आणि मिथिल गट फॉर्मॅल्डिहाइड म्हणून बाहेर काढायचा, अशी त्यांची रीत. फॉर्मॅल्डिहाइड विषारी खरं, पण जिवाणू ते पुढे कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाळून टाकतो. हवा नसेल तर पहिलाच गट निघत नाही आणि कॅफीन जसंच्या तसं राहतं.

दुसराही एक मार्ग आहे. त्यात मिथिल गटांना हात न लावता कड्याच्या आठव्या जागी ऑक्सिजन जोडला जातो आणि ट्रायमिथिल यूरिक आम्ल बनतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत क्लेब्सिएला आणि ऱ्होडोकॉकस यांच्या मिश्र वाढीवर काम करताना नव्वदच्या दशकाअखेरीस हा मार्ग मांडला गेला. पुढे सीबीबी१ नावाच्या स्यूडोमोनासमध्येही तो सापडला. तिथेही पुढची पायरी गाठायला ऑक्सिजन लागतोच.

आता झँथीनपासून पुढे काय होतं ते पाहा. झँथीनचं यूरिक आम्ल, त्याचं अॅलंटॉइन, मग युरिया आणि शेवटी अमोनिया. हा रस्ता मातीला चांगलाच परिचयाचा आहे, कारण कोंबडीखतातला पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्लच, आणि तेही असंच युरिया-अमोनियाकडे जातं. नाशिकच्या शेतकऱ्याला कोंबडीखत "गरम" असतं हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे कॅफीन पचवण्यातलं खास कौशल्य फक्त तीन मिथिल गट उतरवण्यापुरतं आहे. ते झालं की उरलेलं काम मातीतले इतर कितीतरी जिवाणू करू शकतात. कॅफीनच्या वजनात जवळपास २९ टक्के नत्र आहे. मुळाला मारणारा हा पदार्थ नीट मोडला तर मुळाचंच अन्न होतो. म्हणूनच ही पत्ती फेकून द्या असा सल्ला मला द्यायचा नव्हता.

ड्रममध्ये काय झालं ते आता उघड आहे. पत्तीतल्या सहज पचणाऱ्या पदार्थांवर इतर जिवाणू तुटून पडले, पाण्यात होता नव्हता तो ऑक्सिजन संपला, झाकणामुळे नवा आला नाही. मग आंबवणाऱ्यांचं राज्य सुरू झालं आणि कॅफीन खाणारे उपाशी राहिले. आपल्याकडे जीवामृताचा ड्रम रोज काठीनं ढवळतात, तोंडावर गोणपाट टाकतात, झाकण घट्ट लावत नाहीत. काकांच्या घरीही जीवामृत होतं. चहाच्या ड्रमला मात्र डास होऊ नयेत म्हणून झाकण लागलं होतं.

माती तपासली तेव्हा

तोटीखालची, काळं पाणी वारंवार सांडलेली माती आम्ही आणली. बांधापलीकडची, चहा न लागलेली मातीही आणली. तिसरी बांधापलीकडचीच, पण ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली. फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि किंचित लोह असलेल्या साध्या क्षारद्रावणात कार्बन आणि नत्र यांचा एकमेव स्रोत म्हणून कॅफीन घातलं. जो वाढेल तो कॅफीन खाऊनच वाढेल. चिमूटभर माती टाकून चंबू हलवणाऱ्या यंत्रावर ठेवले.

तोटीखालच्या मातीचा चंबू सर्वांत आधी गढूळ झाला. चहा न लागलेल्या मातीचाही झाला, पण बराच उशिरा. निर्जंतुक मातीचा झाला नाही. सिलिकाच्या पट्टीवर चंबूतल्या द्रवाचा थेंब ठेवला, पट्टीवरून द्रावक वर चढू दिला आणि २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पाहिलं की कॅफीनचा गडद ठिपका दिसतो. मिथिल गट कमी झालेले भाईबंद जास्त चिकटतात आणि खाली राहतात. तोटीखालच्या मातीत कॅफीनचा ठिपका फिकट होत गेला, मध्येच त्याच्या खाली थिओब्रोमीनच्या पातळीवर ठिपका उमटला आणि मग तोही गेला. निर्जंतुक मातीत ठिपका हलला नाही. मिथिल गट एकेक करून उतरवणारा मार्ग इथे चालू असल्याची ही चांगली खूण आहे.

ताटल्यांवर वेगळ्या केलेल्या वसाहतींपैकी काही अतिनील दिव्याखाली हिरवट चमकत होत्या, ग्रॅम-ऋण होत्या, ऑक्सिडेझ चाचणीला होकार देत होत्या. ही स्यूडोमोनासची लक्षणं. नेमकी जात जनुकक्रम वाचल्याशिवाय सांगू नये, आणि या प्रकरणाला ती लागतही नव्हती.

बाटलीबद्दल

दरम्यान काकांना कोणीतरी "जिवाणूंची बाटली" सुचवली होती, आणि तिच्यावर स्यूडोमोनासच लिहिलेलं होतं. याबद्दल मला आग्रहानं सांगायचं आहे. बाजारात मिळणारं स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हे रोगनियंत्रणासाठी निवडलेलं असतं, आणि त्या कामाला ते चांगलं आहे. पण कॅफीन पचवण्याची जनुकं प्रत्येक स्यूडोमोनासात नसतात. एकाच जातीच्या एका वाणात असतील तर दुसऱ्यात नसतील. बाटलीवरचं नाव बरोबर असून काम होणार नाही, हे अगदी शक्य आहे. आणि ज्यांच्यात ती जनुकं आहेत ते जिवाणू तोटीखालच्या मातीत आधीच माजले होते. कॅफीन पुन्हा पुन्हा मिळालेली माती ते खाणाऱ्यांची संख्या स्वतःच वाढवते. पैसे घालून आणायचं असं काही उरलं नव्हतं. लागत होती ती हवा, ओल आणि थोडा धीर.

काय केलं

खड्ड्यातली पत्ती बाहेर काढली. तिच्यात सोयाबीनचं भुसकट भरपूर मिसळलं, कारण नुसती ओली पत्ती दाबली जाऊन पुन्हा गुदमरते. अर्धवट कुजलेलं शेणखत आणि तोटीखालची माती विरजणापुरती घातली. ढीग सावलीत, जमिनीवर, कमरेपेक्षा खाली ठेवला. मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये पण हात ओला व्हावा इतकी ओल, आणि ठरवून खोऱ्यानं उलथापालथ. पत्तीचा थोडा भाग मुद्दाम खड्ड्यातच प्लास्टिकखाली राहू दिला. ढिगाच्या एका कोपऱ्यात, काकांच्या समाधानासाठी, बाटलीही वापरून पाहिली.

उलथलेल्या ढिगाच्या अर्काचा कॅफीनचा ठिपका आठवड्यागणिक फिकट होत नाहीसा झाला. बाटलीच्या कोपऱ्यात तो काही लवकर गेला नाही. प्लास्टिकखालच्या पत्तीचा ठिपका तेव्हाही ठळक होता. पण पट्टीवरून ठिपका जाणं मी पुरेसं मानलं नाही. दिसण्याच्या मर्यादेखाली उरलेलं कॅफीन कोवळ्या मुळाला कळतं. म्हणून पुन्हा अळीव, आणि त्यानंतर कांद्याचंच बी. दोन्हींची मुळं साध्या पाण्यातल्यासारखी आल्यावरच खत वापरायला हरकत नाही असं सांगितलं.

बांधाकडच्या वाफ्यांचं पाणी ताबडतोब बदललं होतं. वाफे हलके खुरपून हवा खेळती ठेवली आणि विहिरीचं पाणी दिलं. जगलेल्या रोपांना नवी पांढरी मुळं फुटली, पण मागे पडलेली वाढ भरून निघाली नाही. काकांनी ती रोपं उशिरा, वेगळ्या तुकड्यात लावली आणि तुटीपुरते उळे पुन्हा टाकले.

राहता राहिलं ड्रममधलं उरलेलं पाणी. ते नाल्यात सोडून द्यावं असा घरात विचार होता. नाला गोदावरीला मिळतो, आणि जगभर नद्यांमध्ये माणसांचं सांडपाणी ओळखायला कॅफीन हीच खूण वापरतात. त्यात आणखी भर घालायचं कारण नव्हतं. झाकण काढून ते पाणी रोज ढवळलं आणि ढिगाची ओल राखायला थोडं थोडं शिंपडून संपवलं. शेवटचं पाणी शिंपडल्यावर ढीग पुन्हा अळिवाच्या परीक्षेतून काढला. तयार खत मुख्य शेतात, लागवडीआधी मातीत मिसळायला दिलं आहे. रोपवाटिकेच्या वाफ्यांना ते घालायचं नाही, असं काकांनी स्वतःच ठरवलंय.